सव्वीस वर्षांनंतरची सही

खोकं सतरावं. आत एक प्रतिज्ञापत्र.
मजकूर कारकुनाच्या हातचा, ऐटबाज,
प्रत्येक मोठ्या अक्षराला पिसारा.
थर्झा पेनरॉडची फक्त सही,
ओळ सोडून खाली घसरलेली,
अंधारात जिना उतरताना
कठडा न सापडलेल्या बाईसारखी.

‘शपथेवर सांगते की, नावू गावी, भावाच्या घरी,
सन अठराशे त्रेचाळीसच्या मे महिन्यात
मी अशा पुरुषाशी विवाहबद्ध झाले
ज्याची पहिली पत्नी तेव्हा हयात होती.’
शपथेचं साल एकोणसत्तर.
मधे गोठलेली एक नदी, बैलगाड्या,
तेराशे मैल,
आणि वाटेच्या कडेला पुरलेली दोन मुलं
ज्यांचा या कागदाशी संबंध नाही.

मी पेन्सिलीनं समासात लिहिते:
साक्ष उशिराची. मागून घेतलेली.
मागणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक.

पण म्हणून खोटी?
आयोवातला तिचा भाचा छातीठोकपणे लिहितो,
‘आत्यानं असलं काही केलं नाही.
ती शिवणकाम करायची.’
त्या मे महिन्यात भाचा चार वर्षांचा होता.
नदीपलीकडच्या संपादकानं तर
जनानखान्याच्या खिडक्यासुद्धा मोजल्या;
तो उंबरठ्याच्या आत कधी आलाच नव्हता.
एकाला झाकायचं होतं, एकाला उघडं पाडायचं होतं,
आणि कारकुनाला सिद्ध करायचं होतं.
थर्झाला काय हवं होतं
याची फाइल नाही.

दर मंगळवारी डेल्फा आगार्ड येते,
एफ्रेमहून, स्वतः गाडी चालवत, एक्क्याऐंशीव्या वर्षी.
थर्झाच्या नातीची मुलगी.
येताना जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली.
लग्न झालं की नाही, हे ती विचारत नाही.
ते तिनं लहानपणीच गिळलंय, काढ्यासारखं.
ती विचारते, ‘राजी होती का गं?’

मी तिला रोजनिशी दाखवते.
अकरा मे: कपडे धुतले. दक्षिणेचा वारा.
बारा मे: तपकिरी झगा पुरा केला.
मग पान नाही.
फाडलेलं नाही, कापलंय,
पट्टी लावून, शिवणीच्या अगदी कडेनं.
फाडणारा रागात असतो.
कापणाऱ्याजवळ वेळ असतो.
कुणी कापलं? तिनं? मुलीनं? कारकुनानं?
पात्यावर नाव नसतं.

पण वही घाईत मिटली गेली असावी,
शाई ओली असताना.
समोरच्या पानावर उलटा ठसा उमटलाय,
चहाच्या डागाइतका फिकट.
हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात.
इथं लागतो.
माझ्या पर्समधला, लिपस्टिकचा डाग असलेला,
मी पानाशेजारी उभा धरते.

‘भाऊ दाराशी.’
मग काहीच नाही, बराच वेळ.
मग एक शब्द,
पहिलं अक्षर नि शेवटचा फराटा तेवढा शाबूत.
‘राजी’ वाचता येतं.
‘रात्री’ही वाचता येतं.

डेल्फा म्हणाली, ‘दे इकडे.’
तिचा हात कापत होता, आरसा हलत होता,
अक्षरं कधी तिच्या हनुवटीवर जायची,
कधी कागदावर परतायची.
बराच वेळ पाहून म्हणाली,
‘माझ्या आईचं अक्षर असंच होतं.
तिचंही कधी कळायचं नाही.’

मी नोंद केली: वाचन अनिश्चित.
मग खोडलं. मग पुन्हा तेच लिहिलं,
कारण दुसरं काही लिहिलं असतं
तर मीही कारकूनच झाले असते.

चार वाजता खोकं बंद केलं.
मुरंब्याची बाटली तिनं टेबलावर ठेवली होती,
ती उचलून बाहेर नेली.
कागदांजवळ गोड काही ठेवायचं नाही
असा इथला नियम आहे.