पावतीवर फळ

मादाम ओदीलनं कागद आणला
सुती फडक्यात, तान्ह्या पोरासारखा गुंडाळून.
पावणेदोनशे वर्षांवर वय. कडा वाळवीनं नव्हे,
नुसत्या दिवसांनी खाल्लेल्या.
मनामाच्या आमच्या गल्लीत वरचा एसी गळतो.
त्याच्या थेंबापासून आधी कागद सरकवला,
मग बघितला.

एका कागदावर चार डोकी.
पहिला राजा. गालफडं भरलेली, माथ्यावर झुलपांचा तुरा.
दुसऱ्यात गाल खाली उतरलेत, कपाळ आखडलंय.
तिसऱ्यात डोळे म्हणजे नुसते डाग पडलेले.
चौथी नासपती.
देठासकट.

ती म्हणाली, चित्रवाल्याला कोर्टात उभा केला,
तर त्यानं तिथंच हे काढून दाखवलं :
सांगा साहेब, गुन्हा कितव्या डोक्यापासून सुरू होतो?
चौथ्याला धरणार असाल
तर बाजारातल्या सगळ्या पाट्या जप्त करा.
मी विचारलं, सुटला?
छे. दंड झाला, वर तुरुंग.
पण मग पोरं कोळशानं भिंतीभिंतीवर
नासपत्याच काढत सुटली.

मी हसलो नाही. टेप लावून माप घेत होतो.
बावन्न गुणिले अडतीस.

(आमच्या सड्यावरच्या पाण्याच्या टाकीवर
मी गेरूनं भोपळा काढला होता.
नाव लिहिलं नव्हतं. फक्त भोपळ्याला चश्मा होता,
आणि चश्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
गाव दोन दिवस हसलं.
तिसऱ्या दिवशी सरपंच स्वतः आले,
मान वाकडी करून बघितलं, म्हणाले,
हात चांगला आहे तुझा.
बस, तेवढंच.
पुढं नळाची लाइन शेजारच्या कुंपणापर्यंत आली
आणि तिथंच थांबली.
बाबांनी चुना कालवला, शिडी लावली,
माझ्याशी न बोलता टाकी रंगवली.
चुना वाळला की गेरू वर यायचा.
तीन हात दिले त्यांनी.)

कोयाशेठ पावतीपुस्तक उघडून बसलेला.
काय लिहू? राजा म्हणू नको, उगाच कोण विचारेल.
त्याच्या मागं भिंतीला ओळीनं टेकवलेल्या
बँकेच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या तसबिरी,
साठ गुणिले ऐंशी, सोनेरी नक्षी, डबल माउंट.
आमचं पोट त्यांच्यावरच चालतं.
फळ लिही, म्हटलं. चार नग.
फळाला साधी पट्टी, शेठ म्हणाला,
सोनेरीचा दर राजाला.
मग पहिल्या डोक्याला सोनेरी लावू?
दुसऱ्याला अर्धी?
शेठनं पेन खाली ठेवलं.
तुम्हा कोकण्यांना काम कमी, तोंड जास्त.

मादाम म्हणाली, नासपतीचं लाकूड मिळेल?
मिळतं म्हणे तिच्या देशात, तांबूस, रेघ न दिसणारं.
इथं बीच आहे बाई. पॉलिश मारतो तांबूस.

दुपारी मोतालिबनं डब्यातून एक काढली,
गालावर दक्षिण आफ्रिकेचा स्टिकर,
अर्धी मला दिली.
जरा कचकचीत होती, पण गोड.
तो चोथ्याबियांसकट खातो,
शेवटी देठ उरतो चिमटीत.
तो त्यानं तसबिरींच्या ओळीकडं बघत
कुठं टाकावा ते न कळून
खिशात घातला.

संध्याकाळी काच पुसली, चित्र बसवलं.
पाठीमागं लावायचा खाकी कागद कापला,
आणि त्याच्या आतल्या बाजूला,
चित्राला न शिवणाऱ्या कोपऱ्यात,
शिसपेन्सिलनं
भोपळा. चश्मा. दोरा.
तीस वर्षं झाली, तरी दोऱ्याची गाठ
हाताला बरोबर आठवली.

टेप मारली चारी बाजूंनी.
शेठ म्हणाला, पाठीमागं काही लिहायचंय का,
दुकानाचं नाव?
आहे तेवढं पुरे, म्हटलं,
आणि शटर ओढलं.