कोपर

नऊ अंशांवर उतरलं सोलापूर
आणि विडी घरकुलात माकडटोप्या निघाल्या.
परसातल्या हौदात अंबव्वाचे मासे
तळाला जाऊन बसले.
चुरमुरे वरच तरंगत राहिले दोन दिवस.

श्रीशैलचा फोन आला फिनलंडहून:
बर्फ धरला तर घण घालू नकोस गं,
हादऱ्यानं मरतात.
गरम पाण्याचं पातेलं नुसतं टेकवायचं वर,
भोक पडतं आपोआप.
श्वासापुरतं पुरे.

बर्फ? अंबव्वा हसली.
इथं बर्फ येतो मे महिन्यात,
भुशात, पोत्यात, हातगाडीवरून ठिबकत.
मागच्या साली आल्या होत्या चार लाद्या
मल्लेशीसाठी,
पोरगा विमानातून उतरेस्तोवर.
दीड दिवस.
उरलेला तुकडा फेकवेना,
तिनं हौदात सोडला.
मासे आधी लांब कोपऱ्यात दाटले,
मग एक आला,
मग सगळे,
त्या विरघळत्या पांढऱ्याभोवती.
हे तिनं श्रीशैलला सांगितलं नव्हतं.
आजही नाही.

रात्री तिनं चादर काढली,
मल्लेशीनं मागावर विणलेली, मोराची,
एका बाजूची किनार उसवलेली.
हौदावर पसरून चार विटा ठेवल्या,
एक कोपरा मात्र दुमडला.
श्वासापुरता.

पहाटे चादर दवानं जड.
तिनं पदर खोचला, वाकली,
पाण्यात कोपर बुडवून पाहिलं,
तान्ह्याच्या अंघोळीला पाहतात तसं.

तिकडे मध्यरात्र उलटलेली, तरी फोन वाजला.
धरला का गं?
नाही रे, म्हणाली,
कोमट आहे. झोप तू.