वरील मजकूर

सोहार बंदरामागे कॅम्प नंबर चार,
खोली एकोणीस, वरचा पलंग.
तिथं सुलेमान खतीब दहावीला बसलाय.
वय त्रेचाळीस. काम रिगर.
सतरा नंबरचा फॉर्म मेहुणीनं भरला,
श्रीवर्धनहून, त्याला न विचारता.
फोनवर एवढंच म्हणाली,
मार्चात रजा घ्या.

मी स्टोअरकीपर. शॅकल, स्लिंग, हातमोजे मोजून देतो.
दहावी तीनदा नापास, चौथ्यांदा पास,
म्हणून या कॅम्पात मी गुरुजी.

आधी मी भाषण दिलं.
शिक्षण, भविष्य, बढती, फोरमनची पांढरी टोपी.
तो चहात पाव बुडवत ऐकत राहिला,
मग म्हणाला,
साबणाच्या जाहिरातीसारखं बोलतोस तू.

भाषण सोडलं.
म्हटलं, रोज एक पान. कळो न कळो.
दोन टनांचा नग तू एका झटक्यात उचलतोस का?
आधी स्लिंग ताणतोस,
वीतभर उचलून थांबतोस,
तोल बघतोस, मग वर.
वाक्याचंही तेच.
क्रियापद शेवटाला असतं, हूक तिथं अडकव.

हे मात्र त्याला पटलं.

तर्जनीचं वरचं पेर नाही त्याला.
वायररोपमध्ये गेलं, दुक्मच्या साइटवर.
म्हणून ओळीवर मधलं बोट ठेवून वाचतो.
खालच्या पलंगावरून टेक बहादूर हसतो,
किताबला असं बोट दाखवतात काय, दाजू?

बॅटरीवर मोजा चढवलेला,
उजेड कुणाच्या डोळ्यांत जायला नको.
ऑगस्टात एसी मेला त्या रात्री
अख्खी खोली चटया घेऊन गच्चीवर,
हाही गेला, पुस्तक बनियनमध्ये खोचून.
बंदराचे दिवे तिथवर पोचतात.
दमट हवेनं इतिहास फुगला,
भूमिती तेवढी कोरडी राहिली.

सगळं सुरळीत चाललं असं नाही.
नाइट शिफ्टच्या आठवड्यात पान उलटलं नाही.
एकदा 'व्यस्त प्रमाण' या शब्दावर इतका भडकला
की पुस्तक भिरकावलं खिडकीतून बाहेर.
मी काही बोललो नाही.
पाच मिनिटांनी चपला घालून खाली गेला,
वाळू झटकत परत आला.
पगाराची चिठ्ठी खुणेला ठेवली होती, ती उडाली होती,
पान शोधायला तासभर गेला.
त्या तासात बाकीचं बरंच वाचून झालं.

मग नोव्हेंबरातली ती सकाळ.
साडेपाच. गेटवर परमिटच्या सह्या.
फोरमन पेन पुढे करतो, रांग सरकते,
रोजचंच.
सुलेमान थांबला.
मधलं बोट कागदावर.
इंग्रजी. हूक मधेच कुठंतरी.
मागं रांग तुंबली, कुणी शीळ घातली.
सहीच्या डोक्यावर एकच ओळ होती,
ओठ हलवत त्यानं ती तडीला नेली:
वरील मजकूर मी वाचला आहे
आणि तो मला समजला आहे.

माझ्याकडे वळून म्हणाला,
म्हणजे चौदा वर्षं
रोज सकाळी मी ही थाप मारत होतो?

फोरमननं घड्याळ बघितलं.
सुलेमाननं वरून सुरुवात केली.
वाऱ्याचा वेग. नगाचं वजन. खाली कुणी उभं राहू नये.
तीन शब्द अडले, मला विचारले,
त्यातला एक मलाही येत नव्हता.
तो आम्ही दोघांनी फोरमनला विचारला.
फोरमननं कागद हातात घेतला,
आणि बराच वेळ बघत राहिला.

मग सुलेमाननं सही केली,
नेहमीचीच, मांजराच्या नखासारखी.

त्या दिवशी क्रेन अकरा मिनिटं उशिरा हलली.
स्टोअरच्या वहीत उशिराच्या कारणाचा रकाना आहे,
तिथं मी लिहिलं: वाचन.

भूमिती अजून तशीच पडलीय.