बिनघराचा वापरकर्ता

शाळेने भंगारात काढलेला कॉम्प्युटर
मी ढकलगाडीवर घालून घरी आणला तेव्हा एंडेल हसला:
या वयात आता याला कोण जेवू घालणार?
मी म्हटलं, वीजच तर खातो.

तळघरात, बटाट्यांच्या पोत्याशेजारी फळीवर बसवला.
रोज सकाळी खाली उतरायचं, पासवर्ड टाकायचा,
काम सुरू करून द्यायचं, मग वर येऊन कॉफी.
लांबच्या विद्यापीठातून गणिताचे तुकडे यायचे,
सुटून परत जायचे. कशाचे तुकडे, मला धड कळत नाही.
एका महिन्यात प्रथिनांच्या घड्या, एका महिन्यात तारे.

नोव्हेंबरात वादळ झालं. हीउमा बेटाची वीज गेली, चार तासांनी आली.
मशीन आपणहून उठलं
आणि पासवर्डच्या रिकाम्या चौकटीसमोर
अकरा दिवस नुसतं बसून राहिलं.
मी तार्तूला, बहिणीच्या उशाशी.
मुदत टळलेले सात तुकडे
दुसऱ्या कुणाला वाटून दिले गेले.
कुणी रागावलं नाही. तेच लागलं मला.

टानेल फेरीबोटीवर दोर सांभाळतो, त्याला लिनक्स येतं.
म्हणाला, माइमू, तुझ्या नावाने नको चालवायला.
याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करू.
त्याला पासवर्ड नाही. घर नाही.
तो कधी लॉग-इन करणार नाही.
मग करणार काय?
काम.

आमच्याकडे म्हणतात, मोडकी दाताळी, जुनी केरसुणी बांधून
सैतानाला तीन थेंब रक्त दिलं की क्राट उठतो.
धन्यासाठी राबतो. पण हात रिकामा राहिला
की धन्याचाच गळा धरतो.
हा नाही धरायचा, टानेल म्हणाला.
हा काम मागतो. नाही मिळालं तर
थोडा थांबून पुन्हा मागतो.

तेरा ओळींची फाइल. चष्मा लावून मीच टाइप केली.
नेटवर्क आल्यावर ऊठ.
पडलास तर तीस सेकंद थांब, मग ऊठ.
सौजन्य: एकोणीस.
(इथे आकडा जितका मोठा तितकी मान खाली.
दुसऱ्या कुणाला प्रोसेसर लागला की अंग चोरून बाजूला व्हायचं.)
सातव्या ओळीत एक अक्षर गळलं, तिथे माशी शिंकली.
टानेलला दिसलं होतं. बोलला नाही.
मला सापडेपर्यंत त्याने अख्खं सफरचंद खाल्लं.

'सुरू कर' आणि 'लावून ठेव'
या दोन निराळ्या आज्ञा आहेत, हे सत्तराव्या वर्षी कळलं.
पहिली आत्तापुरती.
दुसरी, आपण तिथे नसतानाची.

बावीस वर्षं मी कार्डलाच्या एक्स्चेंजमध्ये रात्रपाळी केली.
वायर उचलायची, भोकात खुपसायची, "बोला",
आणि कान काढून घ्यायचा.
आम्ही ऐकायचं नाही. ऐकणारे वेगळे होते,
त्यांच्या खोलीला वेगळी किल्ली होती.
किती जोडले त्याची वही माझ्याकडे,
काय बोलले त्याची नाही.

शेवटी मी प्लगच उपटला.
टानेल "अगं" म्हणेपर्यंत वीस मोजले, परत लावला.
कीबोर्डला कुणी हात लावायचा नाही.
दोघं भिंतीला पाठ टेकून उभे.
पंखा घुमला. थांबला.
मी टानेलकडे पाहिलं नाही.
मग पुन्हा घुमला, आणि लयीत आला.

काल एका तुकड्याचं उत्तर जुळलं.
तोच तुकडा आणखी कुणाच्या मशीनलाही दिलेला असतो,
दोन्हीकडून सारखं आलं तरच धरतात.
ते कुणाचं, कुठलं, कळत नाही.
जुळलं, एवढं कळतं.

एंडेल हल्ली ओले मोजे तळघरात वाळत घालतो,
मशीनच्या पाठीमागे, विचारल्याशिवाय.
बटाट्यांना ऊब लागून डिसेंबरातच कोंब फुटले.
पोतं मी दुसऱ्या कोपऱ्यात ओढलं.