विमान जाईपर्यंत

आमच्या कलिन्याच्या देवळात
फादर एलायस वाक्याच्या मध्यावर थांबतात.
भक्तीनं नव्हे, विमान जातं म्हणून.
चाकं बाहेर काढून छपरावरून उतरतं ते,
रंगीत काचा थरथरतात,
आणि चारशे माणसं अर्ध्या वाक्यात उभी.
"प्रभू तुम्हां",
मग बऱ्याच वेळानं "बरोबर असो."
लहानपणी बस्त्याव कोपर मारून विचारायचा,
मधल्या वेळात प्रभू कुठं असतो गं?

बस्त्याव आता सहाच्या मिसेला जातो.
मी साडेआठच्या.
खोली वाटली, मोरी वाटली,
मग मिसाही वाटून घेतली, कुणी न सांगता.
शांती द्यायच्या वेळी मी
पुढच्यांचे, मागच्यांचे, पार परक्यांचे
हात हातात घेते.
नऊ वर्षं.
एक हात सोडून.

महिन्यातून दोनदा वाचनाची पाळी माझी.
रेजिन, तुझे उच्चार किती स्वच्छ, लोक म्हणतात.
आदल्या रात्री आरशासमोर वाचते मी,
श्वास घ्यायचा तिथं पेन्सिलीचं टिंब.
त्या रविवारी एका संदेष्ट्याचा उतारा होता:
देवाला वीट आलाय
आपल्या सणांचा, आपल्या धुपाचा,
आपल्या गाण्यांचाही.
"गाण्यांचाही"च्या आधी मी छान थांबले.
क्लॉटिल्डा मिसनं कॉयरमधून मान डोलावली.
चष्मा काढला, पायऱ्या उतरले, पदर नीट केला,
आणि बाकावर टेकल्यावर कळलं
की सगळ्यांना वाचून दाखवलं ते पत्र
माझ्याच नावचं होतं.

आईची कांकणं विकली नव्हती.
हॉस्पिटलच्या बिलात गेली, असं मी म्हटलं होतं,
तिच्या महिन्याच्या मिसेच्या दिवशी, काळ्या साडीत.
बस्त्यावनं एवढंच विचारलं, पावती?
त्या एका शब्दावर मी नऊ वर्षं रागावले.
राग सोयीचा होता.
कांकणं मसाल्याच्या बरणीत आहेत, तळाशी, फडक्यात.
दर मे महिन्यात नवा मसाला भरताना
वर काढते, बघते,
पुन्हा खाली.

अर्पणाची थैली आली.
शंभराची नोट मी नेहमीसारखी दुमडली,
आकडा बाहेर राहील अशी.
तेवढ्यात विमान.
फादर थांबले, कॉयर थांबला,
थैली धरलेला पोरगाही थांबला,
आणि त्या घरघरीत मी बोलले,
चांगलं मोठ्यानं, उच्चारांची पर्वा न करता:
"माझ्याकडे आहेत."

शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नाही.
इतक्या वर्षांत केलेली बहुधा पहिलीच प्रार्थना,
दोन शब्दांची,
तीही कर्त्याशिवाय.

कम्युनियनच्या रांगेत उभी राहिले नाही.
बाजूच्या दारानं निघाले.
क्लॉटिल्डा मिसला वाटलं असेल, चक्कर आली.
मागून शेवटचं गाणं ऐकू येत होतं
खुरसाच्या नाक्यापर्यंत,
माझा आवाज नसलेलं,
आणि त्याला काही कमी पडलं नव्हतं.

घरी पेपरावर बरणी उपडी केली.
शिंकले, डोळे चुरचुरले.
ते रडणं नव्हतं, मिरची होती.
आज हेही खरंच सांगते.

बस्त्याव बनियनवर बसून बोयटं साफ करत होता.
दार उघडं.
त्यानं आधी माझ्या चपला बघितल्या,
मग माझी मूठ.
"मसाल्याचा वास येतो," म्हणाला.
केस पिकलेत त्याचे,
मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तोंड उघडलं
आणि वरून पुन्हा एक विमान.

त्यानं सुरी खाली ठेवली.
नळ बंद केला.
उठून पंखाही बंद केला,
आणि थांबला,
मनगटावर एक खवलं, मान जराशी कलती,
विमान पुरतं जाईपर्यंत.