रेषेच्या खाली

'या रेषेच्या वर उत्तर लिहा' –
ही रेष माझीच. खालचं सगळं
जुनं समजून छाटायचं, हा नियम मी लिहिला
अंबडच्या ऑफिसात, दुपारच्या जेवणाआधी, घाईत.

तिकीट ४१२७ : गेटपासवर तारीख चुकते.
सातपूरहून, स्टोअरचे बेंडकोळी.
दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, कोरं.
कृपया तपशील द्या, म्हटलं.
कोरं.
पुन्हा कोरं.
प्रतिसाद नाही, असा शेरा मारून बंद केलं.

एप्रिलच्या दोन तारखेला ते आपसूक उघडलं :
'हा पत्ता अस्तित्वात नाही.'
यंत्राने यंत्राला लिहिलेलं,
रेषेच्या वर, अगदी नियमात.

तेव्हा कुठे मूळ मेल काढले.
माणूस पत्राला जोडून पत्र लिहावं तसा
आधीचं संपेल तिथून पुढे लिहीत गेला होता,
पार तळाशी :

मॅडम, तारीख आता बरोबर येते.
खात्री करायला तुमच्याच नावाचा पास काढला.
एकतीसला रिटायर होतोय. त्याआत या,
आमच्या कँटीनचा चहा बरा असतो.

पास एका दिवसापुरताच चालतो.

नियम बदललाय. चाचणीला त्यांचंच पत्र घातलं,
सगळं दिसतं आता, सहीसकट.
तिकीट तेवढं
बंद करायचं राहिलंय.