चौदावा पोर्ट

सांगलीच्या मार्केट यार्डात रात्री अडीचला
हळद पोत्यांत झोपलेली असते,
वास तेवढा जागा.
तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर येतो
आणि सर्व्हरच्या पंख्यांवर
पिवळी बारीक साय धरतो.

पूर आला त्या साली हे सगळं तळमजल्यावरून वर आणलं.
कपाट, केबली, स्विच,
आणि बाहुबली चौगुलेच्या हातच्या चिठ्ठ्या.

आज साडेअकराला पहिल्या होस्टनं मान टाकायला सुरुवात केली.
मेमरीची एखादी पट्टी गेली असेल.
क्लस्टरनं शहाण्यासारखं केलं,
सौद्याचं मशीन उचलून दुसऱ्या होस्टवर ठेवलं.
मशीन म्हणजे हात लावता येईल असं काही नव्हे,
एका लोखंडी पेटीत सात बिऱ्हाडं, त्यातलं एक.
खातेवहीचं मशीन राहिलं जुन्याच पेटीत.

तेव्हापासून दोघं गप्प.

पिंग टाकते. नाही.
पत्ता बरोबर. मास्क बरोबर.
फायरवॉल क्षणभर उतरवते, मनात कुणाची तरी माफी मागून.
नाही.
मग दुसऱ्या पेटीत एक रिकामं मशीन उभं करते,
चाळीस नंबरच्याच व्हीलॅनमध्ये,
आणि सौद्याला म्हणते, याच्याशी बोल.
लगेच बोलतं.

म्हणजे मुकं नाही हे. वाट नाही याला.

तारेला कान लावते.
सौद्याचं मशीन हाका मारतंय :
खातेवही कोण? मला सांगा.
खातेवही कोण? मला सांगा.
सेकंदाला एकदा, न चिडता.
हाक कपाळावर चाळीसचा शिक्का घेऊन
पेटीतून बाहेर पडताना दिसते,
स्विचच्या दारापर्यंत जाते.
पुढं काही दिसत नाही.

मिरजेला, सतारमेकर गल्लीत,
चुलते तरफा लावायचे.
वरची तार छेडली की खालची आपसूक थरथरायची.
एखादी नाही थरथरली
तर तिला हात लावायचे नाहीत आधी.
"रेहाना, तार खोटी नसती. खुंटी बघ."

खुंटी बघते.
चौदावा पोर्ट, दुसऱ्या होस्टचा ट्रंक.
परवानगी : दहा, वीस, तीस, पन्नास.

परत वाचते, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखी.
दहा. वीस. तीस. पन्नास.

पन्नास म्हणजे कॅमेरे. दिवाळीत बसवलेले.
बाहुबलीचा इथला शेवटचा आठवडा.
त्यानं 'अ‍ॅड' न लिहिता पन्नास टाकलं असणार,
आधीची सगळी यादी पुसली गेली असणार,
घाम फुटला असणार,
आणि आठवेल तसं परत लिहिलं असणार भराभर.
कुणाच्या लक्षात कशानं यावं?
दोघं एकाच पेटीत, बोलणं घरातल्या घरात,
रस्त्यावर पाय ठेवायची वेळच आली नाही.

फोन लावते. हिंजवडीत तो जागाच.
"चौदाव्यावर चाळीस नाही रे."
बराच वेळ नुसता त्याच्या खोलीतला पंखा.
"आई गं," म्हणतो. मग, "कुणाला कळलं?"
"मला."
"अ‍ॅड लिही हां. विसरू नको."

लिहिते. अ‍ॅड.
तीनदा वाचते. एंटर दाबत नाही.
खाली मगदूम वॉचमन पोत्यांवर काठी आपटून
उंदरांना काहीतरी समजावून सांगतोय.
दाबते.

पहिली हाक वाया जाते, नेहमीसारखी.
मग शून्य पूर्णांक चार मिलिसेकंद.
शून्य पूर्णांक तीन.
शून्य पूर्णांक तीन.
थांबवत नाही. चालू दे जरा.

चौदाव्या पोर्टाला त्याच्या तिरक्या अक्षरात चिठ्ठी :
होस्ट दोन, सगळे चालू.
मी पेन काढते.
खाली आजची तारीख घालते, बाकी काही नाही.